गुडघ्याची वेदना आणि प्रश्नावलीची मर्यादा

गुडघ्याचा सांधा झिजला म्हणून तो दुखतो, ही समजूत जितकी सोपी तितकीच अपुरी आहे. सांध्यातील कूर्चेला मज्जातंतूच नसतात. वेदना उद्भवते ती कूर्चेखालील अस्थी, सांध्याचे अंतरावरण आणि भोवतालचे बंध यांतून. केल्ग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली क्ष-किरण चित्रावरून झिजेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. परंतु चित्रातील झीज आणि रोग्याची वेदना यांचे प्रमाण पुष्कळदा जुळत नाही. दीर्घकाळच्या वेदनेने मज्जारज्जू व मेंदू अतिसंवेदनशील होऊ शकतात, आणि मग काही रोग्यांना आग, मुंग्या, चमका अशा मज्जातंतूंच्या विकारासारख्या संवेदना जाणवतात.

या संवेदनांची मोजदाद करण्यासाठी 'पेनडिटेक्ट' ही प्रश्नावली वारंवार वापरली जाते. ती २००६ साली जर्मनीत तयार झाली, आणि तीही कंबरदुखीच्या रोग्यांसाठी. १९ वा अधिक गुण आल्यास मज्जातंतुजन्य वेदना संभवनीय आणि १२ वा कमी आल्यास असंभवनीय मानावयाची, असा तिचा दंडक. चाळणी म्हणून ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. दोष आहे तो चाळणीलाच निदान समजण्यात. मज्जातंतुजन्य वेदना म्हणावयाची तर मज्जासंस्थेत इजा वा विकार असावा लागतो. केवळ गुणसंख्येने तो सिद्ध होत नाही.

यवतमाळ जिल्ह्याचा विचार करता हा आक्षेप अधिक तीव्र होतो. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या या जिल्ह्यात निंदणाचे काम बहुधा स्त्रिया करतात, आणि ते तासन्‌तास उकिडवे बसून करावे लागते. या बैठकीने गुडघ्यावर भार येतो, हे उघडच आहे. पण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारी नसही तिच्यामुळे दाबली जाते. पाश्चात्त्य देशांत स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या मजुरांत याच कारणाने पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकात प्रसिद्ध आहेत. म्हणजे निंदणाऱ्या स्त्रीने 'मुंग्या येतात' असे सांगितले, तर त्या मुंग्या बसण्याने क्षणभर आलेल्या, नस दाबल्याने टिकून राहिलेल्या, की सांध्याच्या जुन्या वेदनेतून उद्भवलेल्या, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. मधुमेह, कण्याचे विकार व कुष्ठरोग यांनीही असेच उत्तर येऊ शकते.

भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. पुसद-दिग्रसकडील बंजारा घरांत गोरमाटी, केळापूर-झरी जामणी भागातील कोलाम पोडांवर कोलामी, इतरत्र वऱ्हाडी बोलली जाते. पुस्तकी मराठीतील 'दाह' वा 'बधिरता' हे शब्द रोग्याला परके वाटले, तर तो हो वा नाही म्हणेल ते प्रश्नकर्त्याच्या समाधानाखातर. ठणका, कळ, चमक यांतील भेद बोलणाऱ्याला स्पष्ट असतो. अनुवादात तोच पुसला जातो. उष्णतेने वेदना होते काय, हा प्रश्नही नेहमी शेक घेणाऱ्याला विचारताना निराळ्या रीतीने मांडावा लागेल.

हा केवळ शास्त्रार्थाचा वाद नव्हे. वेदनेचा प्रकार चुकला की उपचारही चुकतो. दाह कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने जठर व मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो. मज्जासंस्थेवर काम करणारी औषधे नेमक्या रोग्यालाच द्यावयाची असतात. आणि नस दाबली गेली असेल, तर पहिला उपाय बैठक बदलणे हाच.

म्हणून या भागात अभ्यास करणाऱ्याने प्रथम रोग्यांच्या तोंडचे शब्द गोळा करावेत, मग प्रश्नावली बेतावी, आणि प्रत्येक होकारानंतर पायाची परीक्षा करावी. कापसाचा बोळा, टाचणी आणि पाऊल वर उचलण्याची शक्ती पाहणे, एवढ्या साधनांनी तिचा आरंभ होतो. कापसाच्या या जिल्ह्यात त्यांतले पहिले साधन तरी दुर्मिळ नाही. हे कष्ट टाळून काढलेली टक्केवारी छापील पानावर नेटकी दिसेल. परंतु ती वेदनेची नसून अनुवादाची मोजणी ठरेल.