आत्मपरीक्षण कुणापुढं?

आत्मपरीक्षण हा शब्द फार स्वस्त झालाय. निवडणूक हरली की पुढारी म्हणतो, आम्ही आत्मपरीक्षण करू. गट फुटला की दोन्ही गट म्हणतात, दुसऱ्यानं करावं. दलित साहित्यावर लिहिणारा प्रस्थापित समीक्षक तर हा सल्ला दिल्याशिवाय लेख संपवत नाही. त्याचं सोडा. मला आपल्या माणसांशी बोलायचंय.

आधी शब्द तपासू. आत्म्यावरचा विश्वास हा अधम्म, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये स्वच्छ सांगितलंय. तरी आपल्या तोंडी आत्मचिंतन, आत्मशुद्धी आहेच. म्हणून 'आत्मकथन' नको, 'स्वकथन' म्हणा, असा आग्रह झाला. मला तो पटतो. पण नुसती पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

बाकीचे शब्दही बघा. 'कबुली' पोलीस ठाण्यातली. पाठीवर काठी बसली की निघते. 'प्रायश्चित्त' शास्त्राचं. १९२७ साली महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्यांची शुद्धी ती ही. आपल्याला तसली नको. आणि 'न्यूनगंड'? कार्यकर्त्यानं संघटनेच्या चुकीवर बोट ठेवलं की त्याला न्यूनगंड झालाय म्हणतात. तेवढ्यानं तो गप्प बसला नाही तर गद्दार म्हणतात. फरक साधा आहे. न्यूनगंड म्हणतो, मीच वाईट. त्याला पुरावा लागत नाही. टीका म्हणते, हे काम इथं बिघडलं. तिला जागा दाखवावी लागते.

आता पुस्तकांकडं येऊ. १९७८ साली 'बलुतं' आलं. दया पवारांनी स्वतःचे दोन केले. एक शिकलेला दया पवार, दुसरा दगडू मारुती पवार. दगडू बोलतो, दया पवार ऐकतो. आपल्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. घरातलं चव्हाट्यावर कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. अरे, मुठीत सव्वा लाख असले तर झाका ना! आपली उपासमार सारं गाव बघतच होतं. ज्यानं मूठ उघडली त्यानं आपल्यावर उपकारच केले.

माझी तक्रार दुसरी आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकच माणूस आहे. तिसरं कुणी तिथं नाही. संसार मोडल्याची हकिकत येते, पण बायकोची बाजू तिच्या तोंडून येत नाही. आरोपी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच. आत्मपरीक्षण कितीही प्रामाणिक असो, एकट्यानं केलं की तिथंच अडतं.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. नावातच 'आमुचं' आहे. नवऱ्याचा मार, सुनेचा सासुरवास, देवदेव, अंगारेधुपारे, सगळं त्या सांगतात. महारवाड्याला गावानं कसं पिळलं आणि महारवाड्यानं आपल्या बाईला कसं पिळलं, दोन्ही एकाच श्वासात. शिकून पांढरपेशे झालेल्यांनाही सोडत नाहीत. यात गावाला माफी नाही आणि आपल्याला सवलत नाही. मी याला खरी टीका म्हणतो.

आपल्या परंपरेत याला शब्द आहे: पवारणा. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन आपण नेमानं करतो, पण अश्विन पौर्णिमेची ही पवारणा कुठं आहे? वर्षावास संपला की भिक्खू संघाला विनंती करतो, माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका असेल, तरी सांगा. पहिल्यांदा हे थेर म्हणजे ज्येष्ठ म्हणतो, नवखा शेवटी. खुद्द बुद्धानं संघाला असं विचारल्याचं सुत्तात आहे. आणि हा नियम आला कसा? काही भिक्खूंनी तीन महिने एकमेकांशी न बोलण्याचा करार केला आणि आम्ही सुखानं राहिलो म्हणून सांगितलं. बुद्ध म्हणाला, हे तर जनावरांसारखं राहणं झालं. झाकली मूठवाल्यांनी एवढं वाचावं.

मिलमध्ये विणकर आपलं कापड आपणच पास करत नाही. तागा दुसऱ्याच्या हातात जातो. तो उजेडात बघतो, जिथं दोष असेल तिथं खूण करतो. मालक त्यावरून पैसे कापतो ही मालकाची लबाडी. पण तपासणी खोटी ठरत नाही.

मित्रहो, पुढच्या बैठकीत आत्मपरीक्षणाचा ठराव करू नका. अध्यक्षानं आधी उभं राहावं आणि विचारावं, माझं काय चुकलं? सगळ्यात तरुण पोरीला पहिल्यांदा बोलू द्यावं. ती बोलत असताना कुणी मध्ये 'गद्दार' म्हणालं, तर ते वहीत नावासकट लिहून ठेवावं.