दर्पण ते टॅबलेट : दोन रकान्यांचं वाचन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की टॅबलेटचा पडदा दुभागून दोन ॲप्स शेजारी शेजारी लावायची, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? बटण कुठे ते दोन मिनिटांत सांगून होतं. खरं आहे, तेवढं आधी सांगून टाकू. अँड्रॉइडवर नुकत्याच उघडलेल्या ॲप्सची यादी काढायची, ॲपच्या चिन्हावर बोट ठेवायचं, 'स्प्लिट स्क्रीन' निवडायचं आणि दुसरं ॲप घ्यायचं. सॅमसंगने २०१२ मध्ये गॅलॅक्सी नोट १०.१ वर ही सोय दिली होती; खुद्द अँड्रॉइडमध्ये ती २०१६ साली सातव्या आवृत्तीत आली. आयपॅडवर 'स्प्लिट व्ह्यू' २०१५ मध्ये आला आणि दहा वर्षांनी, आयपॅडओएस २६ मध्ये, ॲपलने तो काढून संगणकासारख्या मोकळ्या खिडक्या दिल्या. त्या शेजारी शेजारी मांडता येतातच. झालं बटणाचं.

आम्हाला बोलायचंय ते या मांडणीबद्दल. छापील पानावर समीक्षा होते, मुखपृष्ठावर होते, मग रोज चार-पाच तास ज्या पानावर मुलं वाचतात त्या पानावर का होऊ नये? पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल सव्वा तासाहून जास्त घेते. त्या गाडीत आणि आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं बघा. डावीकडे व्हिडिओत सर शिकवतायत, उजवीकडे नोंदींची वही उघडी. कुणाच्या आयुष्याची दोन-तीन वर्षं या दोन चौकटींत जाणार आहेत. आणि लाजू नका, आमचं हे बोलणंही तुमच्यातले काही जण उद्या अर्ध्या पडद्यावरच ऐकणार आहेत. (हशा)

आता, एका पानावर दोन मजकूर ही काही टॅबलेटची कमाई नाही. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्या बघा. मधोमध मोठ्या अक्षरात मूळ, वर आणि खाली बारीक अक्षरात टीका. याला त्रिपाठ म्हणतात. चारी बाजूंनी टीका असेल तर पंचपाठ. अक्षराच्या आकारावरून आणि जागेवरून डोळ्याला न सांगता कळतं, की मालक कोण आणि त्याच्या सेवेला कोण.

मग छपाई आली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं. त्या तारखेला आपण पत्रकार दिन पाळतो, भाषणं करतो, पण पान कसं होतं हे फारसं कुणी सांगत नाही. पानावर उभे दोन रकाने असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. मराठी आपल्या लोकांसाठी. आणि छापलंय काय हे राज्यकर्त्यांनाही कळावं म्हणून इंग्रजी. म्हणजे विचार एक, वाचक दोन. शिवाय इंग्रजी शिकू पाहणाऱ्या पोराला दोन रकान्यांमध्ये नजर फिरवून भाषा शिकता यायची, हा वेगळाच फायदा. ते पान दुभागलेलं होतं, पण दोन्ही बाजूंना एकच संपादक होता.

छप्पन्न वर्षांनी, १८८८ मध्ये, 'सुधारक' निघालं. तेही दोन भाषांचं. मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. इथे दोन लेखक, दोन स्वभाव. तरी पत्र एक, भूमिका एक, आणि अंक छापायला जाण्याआधी दोघांना एकमेकांचं काय चाललंय ते ठाऊक.

टॅबलेटच्या दोन अर्ध्या भागांना एकमेकांचं काहीही ठाऊक नसतं. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. डावीकडचं ॲप एका कंपनीचं, उजवीकडचं दुसरीचं, मधली काळी रेघ तिसरीची. रेघ मधोमध आली की दोन्ही बाजू सारख्या मोलाच्या आहेत असं दिसतं, आणि ते जवळजवळ नेहमीच खोटं असतं. 'दर्पण'मध्ये जे काम जांभेकर करत होते ते इथे वाचकाच्या गळ्यात पडतं. पडदा दुभागला की तुम्ही संपादक झालात. पगार नाही, प्रशिक्षण नाही, आणि बहुतेकांना नेमणूक झाल्याचाही पत्ता नाही.

एक उदाहरण करून बघण्यासारखं आहे. एका बाजूला गीता लावा, दुसरीकडे ज्ञानेश्वरी. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. अठराव्या अध्यायात तर श्लोक ७८ आणि ओव्या अठराशेच्या घरात. म्हणजे डावीकडचं पान जागचं हलत नाही आणि उजवीकडे बोट थांबत नाही. दहा मिनिटांनी कोणत्या श्लोकाची टीका चाललीय तेच कळेनासं होतं. अर्धा पडदा श्लोकाने अडवलाय, त्या अर्ध्यात दोन ओळी आणि खाली रिकामं मैदान. पोथी लिहिणाऱ्याने ही अडचण शेकडो वर्षांपूर्वी ओळखली होती. त्याने मूळ आणि टीका यांना सारखी जागा दिली नाही आणि टीका त्या त्या श्लोकाभोवतीच ठेवली. आजच्या दोन ॲप्सना एकत्र सरकता येत नाही, कारण श्लोक आणि ओवी यांचं नातं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. हे नातं बांधणारी एकच आवृत्ती, एकाच ॲपमध्ये, कुणी नीट केली तर रेघेची गरजच उरणार नाही.

उलट जिथे हा घाट शोभतो अशीही जागा आहे. मजकूर एकीकडे आणि कोश दुसरीकडे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, ज्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. एकोणिसाव्या शतकातलं मराठी गद्य रुंद बाजूला, कोश अरुंद बाजूला. शब्द अडला की डोळा जातो, परत येतो. पान उलटणं नाही, ॲप बदलणं नाही. जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी १९९२ मध्ये याच विषयावर लिहिलं: आकृती एकीकडे आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर दोन्ही जुळवण्यातच शिकणाऱ्याची शक्ती खर्च होते. कोश जवळ आणला तर तो खर्च वाचतो. तेव्हा पडदा दुभागल्याने लक्ष विचलित होतंच, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. लक्ष दुभागतं ते कामं दोन असल्यावर. काम एक असेल तर दोन चौकटी खुशाल असू द्या.

मग व्हिडिओ आणि वहीचं काय? काम तर एकच दिसतं. इथे दुसरी गोष्ट आडवी येते. कोश थांबतो, पोथी थांबते, 'दर्पण'चा रकाना थांबतो. व्हिडिओ थांबत नाही. तुम्ही उजवीकडे 'अनुच्छेद ३६८' लिहीत असता आणि डावीकडे सर तीन वाक्यं पुढे गेलेले असतात. मग मुलं काय करतात? समजून लिहिण्याऐवजी ऐकू आलं ते उतरवतात, किंवा पडद्याचं चित्र काढून ठेवतात. वही भरते. पाहिलंत तर नोंदी इतक्या सुंदर की फ्रेम करून लावाव्यात. पण त्यात मुलाचं स्वतःचं वाक्य एक नसतं.

आपल्याकडे प्रवचनाला बसणारी माणसं मांडीवर ज्ञानेश्वरी उघडी ठेवून बसतात. तोही दुभागलेला पडदाच: कान एकीकडे, डोळा दुसरीकडे. पण तिथे महाराज ओवीचा आकडा सांगतात, पानं उलटल्याचा आवाज विरेपर्यंत थांबतात, शेजारची बाई शेजारणीला बोटाने ओळ दाखवते, मग निरूपण सुरू होतं. बोलणाऱ्याला समोरच्या पोथ्या दिसत असतात. रेकॉर्ड केलेल्या सरांना तुमची वही दिसत नाही, त्यांचा काय दोष?

म्हणून व्हिडिओपुरतं आमचं म्हणणं साधं आहे. दहा मिनिटं पूर्ण पडद्यावर बघा, हात बांधून. मग थांबवा. मग वही पूर्ण पडद्यावर घ्या आणि आठवेल ते लिहा. दुभागणं शेवटी, पडताळताना, आकडा किंवा नाव तपासायला. वेळ जास्त जातो, हे मान्य. परीक्षा तोंडावर असताना हे ऐकायला कडू लागतं, हेही मान्य.

मराठीची एक अडचण जाता जाता. अकरा इंची टॅबलेट आडवा धरला तर पडदा साधारण २२-२३ सेंटिमीटर रुंद भरतो, म्हणजे अर्ध्याला अकरा. वाचायला पुरतं, आपल्या पुस्तकातली ओळ साधारण तेवढीच असते. पण टाइप करायला गेलात की देवनागरी कळफलक खालचा मोठा भाग खातो आणि वर पाच-सहा ओळी उरतात. त्यात अक्षर मोठं केलं की 'राज्यघटनादुरुस्ती' एकटीच एक ओळ अडवून बसते. छोटा ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तर अर्धं दुखणं जातं. नाहीतर कागदाची वही आहेच. ती तर पडद्यातली जागाही मागत नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: घरात टॅबलेट नाही, फोनच आहे, त्यावर पडदा दुभागून अभ्यास होईल का? फोनवर दुभागता येतं, पण उभ्या धरलेल्या फोनचा अर्धा म्हणजे पोस्टकार्डाहून लहान तुकडा. हिशोब करताना वर बिल आणि खाली कॅल्क्युलेटर, एवढ्याला ठीक. अभ्यासाला फोनवर एका वेळी एकच उघडा. पुढची चिठ्ठी द्या.