तुटक अक्षरांची साक्ष : नहपानाची चांदी आणि चांद्याची नाणी

सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी या गोदाकाठच्या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. मोजदाद झाली तेव्हा संख्या सव्वातेरा हजारांच्या घरात भरली. मूळ नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. इतिहासाच्या पुस्तकांत हा निधी येतो तो या पुनर्मुद्रणासाठी. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा तो पुरावा आहेच. पण या निधीने आणखी एक गोष्ट शिकवली. नाण्यांवरच्या लेखांतील पाठभेद कसे वाचावेत, ही ती गोष्ट.

पाठभेद हा शब्द आपल्याला पोथ्यांमुळे परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. एका प्रतीतला दोष दुसऱ्या प्रतीवरून कळतो, हे तत्त्व आपल्याकडे जुनेच. नाण्याला मात्र आपण हा न्याय लावत नाही. संग्राहकाच्या लेखी अक्षर चुकलेले नाणे म्हणजे ‘दुर्मीळ’ नाणे, आणि दुर्मीळ म्हणजे महाग. अभ्यासकाच्या लेखी त्याच नाण्याला शेजारच्या शंभर साध्या नाण्यांशिवाय फारसा अर्थ नसतो.

नहपानाच्या नाण्याच्या एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतला लेख. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींतले लेख. ब्राह्मीत ‘राञो क्षहरातस नहपानस’ असे स्वच्छ वाचता येते. ग्रीक लेखाचे तसे नव्हते. काठावरची अक्षरे नाण्याबाहेर गेलेली, काही उलटी, काही गाळलेली. कोरणाऱ्या कारागिरांना ती लिपी येत नसावी, हे उघड दिसते. जोगळटेंभीची नाणी तपासणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी एकेका नाण्यावर विसंबण्याऐवजी अनेक नाणी शेजारी ठेवून तुटके तुकडे जुळवले. तेव्हा कळले की हा ग्रीक भाषेतला लेखच नव्हे. ब्राह्मीतलाच प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत उतरवला आहे.

त्यातही एक अक्षर विशेष बोलके आहे. ‘क्षहरात’ आणि ‘नहपान’ या दोन्ही नावांतल्या ‘ह’साठी कारागिराने दोन उभ्या रेषांना मधोमध आडवी रेषा जोडणारे चिन्ह वापरले आहे. त्या काळच्या ग्रीक लिपीत हे चिन्ह दीर्घ स्वराचे होते. ‘ह’ हा त्याचा उच्चार रोमन लिपीतला. म्हणजे लेख ग्रीक, भाषा प्राकृत आणि एक अक्षर रोमी! भडोच बंदरात रोमी सोन्याचांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई, असे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. ती चांदी वितळवून क्षत्रपांची नाणी पाडली गेली, हा अनेकांचा अंदाज आहे. चांदीबरोबर एक अक्षरही टाकसाळीत पोचले असावे, असे मला वाटते.

स्कॉट यांच्या कामाचे हे मोल मान्य करूनही त्यांचा एक निष्कर्ष मला पटत नाही. मुखवट्यांत तरुण, वृद्ध, सरळ नाकाचे, बाकदार नाकाचे असे चेहरे पाहून त्यांनी सुचवले की नहपानाच्या नावाने त्याच्या कुळातल्या अनेकांनी आपले चेहरे कोरवून घेतले असावेत. पण ज्या कारागिरांच्या हातून अक्षरे इतकी बदलली, त्यांच्याच हातून नाके बदलली नसतील कशावरून? लेखातल्या फरकाला हातचूक मानायचे आणि चेहऱ्यातल्या फरकाला वेगळी व्यक्ती, ही दोन मापे झाली. तीन लिपींत नाव एकच आहे. हा पुरावा चेहऱ्यांपेक्षा भक्कम आहे.

हाच प्रश्न आमच्या भागात अधिक तीव्र होतो. जुन्या चांदा जिल्ह्यातून मिळालेला सातवाहन नाण्यांचा निधी हॉर्नले यांनी १८९३ मध्ये विद्वानांपुढे आणला. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचे हे दोन्ही जिल्हे. ही नाणी चांदीची नाहीत, पोटीन या मिश्रधातूची आहेत. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि लेख, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणे लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे नेमके राजाचे नावच काठाबाहेर जाते.

रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमच्या १९०८च्या सूचीत चांद्याच्या काही नाण्यांवर ‘कण्ह’ वाचून कृष्ण सातकर्णी हा राजा मानला. पुढे १९३९ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे दीड हजारांहून अधिक सातवाहन नाणी मिळाली. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक ही पुराणांच्या याद्यांत नसलेली सातकर्णींची नावे पुढे आली. ‘कण्ह’ म्हटले तर कृष्ण, ‘कण’ म्हटले तर कर्ण. ‘ण’खाली ‘ह’ जोडला आहे की नाही, एवढ्या खुणेवर चांद्याच्या मातीतला एक राजा टिकतो किंवा जातो. नाशिकच्या लेण्यात कृष्ण राजाचे नाव असल्याने वाचणाऱ्याला ओळखीचे नाव दिसण्याचा मोह होतो. तऱ्हाळ्याची नाणी एकत्र राहिली म्हणून तुलनेला आधार मिळाला. त्यामुळे मला कर्णाची बाजू अधिक बळकट वाटते.

मी ब्राह्मी शिकलो ती छापील चित्रांवरून, आणि माझा संग्रह आहे तो नोंदींचा. वहीत एका नाण्याला एक पान : वजन, दोन्ही बाजूंची रेखाटने, दिसली तेवढीच अक्षरे. न दिसलेले अक्षर ठिपक्याने दाखवतो, अंदाजाने भरत नाही. या वर्षांत विक्रीला आलेली जी नाणी पाहिली, त्यांतली बहुतेक तेजाब लावून घासलेली होती. ज्या बारीक रेषेवर ‘ण’ की ‘ण्ह’ हे ठरते, तीच आधी झिजते. ‘कुठे सापडले?’ या प्रश्नाला ‘इकडेच कुठेतरी’ हे ठरलेले उत्तर.

दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. लोकांना तो जप्तीचा कायदा वाटतो. पण साठा फुटण्याआधी निदान एकदा तरी तो पूर्ण मोजला जावा, अशी सोय त्यातच आहे. चांगले वाचता येणारे नाणे बाजारात गेले तरी त्याचे छायाचित्र कुठेतरी उरते. अर्धे अक्षर असलेली, कुणालाही नको असलेली नाणी मात्र भंगारात जातात. स्कॉट यांना ग्रीक लेख पुरा करता आला तो अशाच नाण्यांमुळे. वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यात पुढचा निधी निघेल तेव्हा त्यातली असली नाणी आधी बाजूला काढून जपावीत.