वजाबाकीतली माणसे

मध्ययुगीन सम्राटाचे मोठेपण मोजण्याची आपल्या इतिहासकारांची एक ठरलेली रीत आहे. किती राज्ये जिंकली, किती देवळे बांधली, किती दाने दिली? या तीन मापांनी मोजले की चोळ सम्राट पहिला राजराज (इ. स. ९८५ ते १०१४) थोर ठरतोच. त्याचा पराक्रम मला नाकारायचा नाही. तो कोणाच्या हिशेबाने मोजला गेला, एवढेच मला विचारायचे आहे. आणि तो हिशेब राजराजाने स्वतःच तंजावरच्या देवळाच्या दगडावर कोरून ठेवला आहे.

९४९ साली तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूटांनी चोळांचा कणा मोडला होता. त्या पडझडीतून राजराजाने साम्राज्य उभे केले. पांड्य आणि चेर यांना त्याने नमवले, लंकेचे अनुराधपूर उद्ध्वस्त करून पोलोन्नरुवाला आपले ठाणे बसवले, गंगवाडी आणि नोळंबवाडी घेतली. वेंगीच्या गादीच्या भांडणात हात घालून आपल्या बाजूचा राजा बसवला आणि आपली मुलगी कुंदवै त्या घराण्यात दिली. त्यातून पश्चिम चालुक्यांशी वैर पेटले.

या युद्धाबद्दल चालुक्य राजा सत्याश्रयाच्या काळातला, १००७ सालचा होट्टूरचा शिलालेख बोलतो. चोळांच्या नऊ लाखांच्या सैन्याने देश लुटला, बायका, मुले, ब्राह्मण मारले आणि मुलींना नेऊन त्यांची जात बुडवली, अशी त्याची तक्रार आहे. आकडा फुगवलेला असेल. पण तक्रारीचे शब्द पाहा. लुटलेल्या मुलीचे दुःख तिच्या देहाचे नाही, तिच्या जातीचे! दोन राज्ये एकमेकांच्या जिवावर उठली होती. पण समाज कसा रचलेला असावा, याबद्दल त्यांच्यात भांडण नव्हते.

लढाया जिंकून मुलूख मिळतो, सत्ता टिकत नाही. ती टिकवण्यासाठी राजराजाने दोन साधने वापरली : मोजणी आणि मंदिर. १००१ च्या सुमारास त्याने राज्यातील जमिनीची मोजणी सुरू केली. वेली हे जमिनीचे माप साधारण साडेसहा एकरांचे. त्याचे कोट्यंश करून कर लावल्याच्या नोंदी तंजावरच्या लेखांत आहेत. १०१० मध्ये बृहदीश्वराचे मंदिर पुरे झाले. चेर, पांड्य आणि सत्याश्रय यांच्यावरील विजयानंतर सोन्याची फुले, सोन्याची पात्रे तेथे वाहिली गेली. लंकेतल्या गावांचे उत्पन्नही तेथे लावून दिले गेले. ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे देवदासी आणून मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत बसवल्या. त्यांची नावे, त्यांची मूळ गावे, त्यांचा भाताचा वाटा, सारे कोरलेले आहे. देवळाचा पैसा गावसभांना साडेबारा टक्के व्याजाने दिला जाई. लूट देवाच्या नावे जमा व्हायची आणि कर्ज होऊन गावोगाव फिरायची. देऊळ म्हणजे साम्राज्याचा खजिना, पेढी आणि कचेरी होते.

या शिलालेखांच्या आरंभी राजाची स्तुती असते. इतिहासकार ती वाचतात, नाटककार ती वाचतात, मिरवणुका काढणारे तेवढीच वाचतात. मी खालची यादी वाचावी असे म्हणतो. देवळाला दिलेल्या गावांची नोंद करताना आधी गावाचे एकूण क्षेत्र दिले जाते आणि मग कर न लागणाऱ्या जागा त्यातून वजा केल्या जातात : गावठाण, तळी, पाट, देवळे, कारागिरांची वस्ती, परैचेरी म्हणजे परैयरांची वस्ती, आणि श्मशान. काही ठिकाणी परैयरांचे श्मशानही वेगळे. आणि याच याद्यांत एक शब्द येतो : तींडाचेरी. स्पर्श करू नये अशांची वस्ती!

राजराजाने अस्पृश्यता निर्माण केली, असे मी म्हणत नाही. ती आधीच होती. पण सरकारी मोजणीत, शाश्वत दगडावर तिला जागा आणि हद्द मिळाली ती त्याच्या कारकुनांच्या हातून. या माणसांच्या श्रमाने पिकलेले भात बेरजेत आले. त्यांची वस्ती वजाबाकीत गेली. 'अस्पृश्य गावाबाहेर का राहतात?' हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या ग्रंथात विचारला. त्या 'बाहेर'चा सरकारी उतारा तंजावरच्या भिंतीवर आहे.

आता साहित्याकडे वळू. कल्कींची 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. २०२२ आणि २०२३ मध्ये तिचा चित्रपटही दोन भागांत आला. तिचा नायक हाच राजराज. पण तरुण, सिंहासन दुसऱ्याला देऊन टाकणारा राजपुत्र. तो राज्य करू लागण्यापूर्वीच कादंबरी संपते. म्हणजे मोजणी नाही, व्याज नाही, तींडाचेरी नाही. वाचक त्यागी राजपुत्रावर प्रेम करतो आणि ते प्रेम नकळत सम्राटाच्या खात्यावर जमा होते. कलाकृती म्हणून तिचे सामर्थ्य मी मानतो. म्हणूनच तिची ही कारागिरी ओळखली पाहिजे. नीलकंठ शास्त्री यांनी हे सर्व लेख बारकाईने अभ्यासले होते. तरीही त्यांच्या चोळ-इतिहासाचा सूर राज्यकारभाराच्या कौतुकाचाच राहिला. पुरावा हाती असणे आणि तो खालून वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खालून वाचणाऱ्याचे काय होते? २०१९ साली चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांनी तंजावर जिल्ह्यातल्या एका सभेत राजराजाचा काळ दलितांसाठी अंधाराचा होता, असे म्हटले आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाच्या भावना दुखावतात! त्याच कावेरीच्या खोऱ्यात, किळवेणमणीला, २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या लढ्यात ४४ दलित एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका-मुले होती. मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. राजराजापासून किळवेणमणीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, मधे नऊ शतके आहेत. पण भात कोणाचे आणि वस्ती कुठे, हा हिशेब त्या शतकांनी पुसला नाही.

आज तामिळनाडूत अनेक जाती राजराज आपलाच होता असे सांगतात. त्यांत शेतमजुरीतून वर येऊ पाहणाऱ्या जातीही आहेत. मला त्यांची भूक कळते. ज्यांना पूर्वज नाकारले गेले, त्यांना राजा पूर्वज हवासा वाटतो. आपल्या तरुणांनाही असा मोह पडतो. पण सिंहासनावर आपला माणूस बसवल्याने यादी बदलत नाही. आपला पूर्वज तींडाचेरीत शोधावा लागेल, जिथे त्याचे नावही कोरलेले नाही. त्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांनी जुन्या लिप्या शिकाव्यात, तामिळ, कन्नड शिकावे आणि शिलालेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. स्तुती वर असते. माणसे तळाशी असतात.