सीटमध्ये बसत नाही तो कोण?



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका तरुण मित्राचा फोन आला. "सर, बीबीत विमान फक्त आभाळात दिसतं. जाड प्रवाशाला विमानाची सीट पुरत नाही, याचं इथं कुणाला काय पडलंय?" आम्ही म्हटलं, अरे, याच गावातली पोरं पुण्याला, दुबईला जातात. मग कधीतरी आईला घेऊन जातात, आणि आई पहिल्यांदा विमानात चढते. विषय तिथं सुरू होतो. शिवाय हे भांडण नीट समजायला एसटीच्या बाकावर वाढलेला श्रोता लागतो. तो इथं आहे.

भांडण थोडक्यात असं. विमानाच्या साध्या वर्गातली सीट साधारण 17 ते 18 इंच रुंद असते. एखाद्याचं शरीर त्यात मावत नाही, ते शेजारच्या सीटवर जातं. शेजाऱ्याने पूर्ण पैसे भरलेले असतात, त्याला पाऊण सीट मिळते. मग त्या जाड माणसानं दोन तिकिटं काढावीत का? की शेजाऱ्यानं सोसावं? सगळी चर्चा या दोन प्रश्नांवर घोटाळत राहते, आणि आमचा आक्षेप इथंच आहे. भांडण दोघांचं आहे असं गृहीत धरलं जातं. तिसरा पक्ष गुपचूप बाजूला झालेला असतो.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत 'बसणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. माणूस बसतो, आणि झाकणही बसतं. "हे झाकण या डब्याला बसत नाही" म्हणताना आपण दोष झाकणाला देतो की डब्याला? तसं ठरलेलं नसतं. चप्पल बसत नसेल तर कुणी पायाला दोष देत नाही, दुकानदाराला म्हणतो, एक नंबर मोठी दाखव. पण "हा माणूस सीटमध्ये बसत नाही" म्हटलं की दोष लगेच माणसाकडे जातो. सीट तिथं आधीपासून होती, जणू डोंगरासारखी, देवानेच केलेली, आणि माणूस मागाहून चुकीच्या मापाचा आला.

सीट देवानं केलेली नाही. बोइंग 777 हे मोठं विमान घ्या. सुरुवातीची बरीच वर्षं बहुतेक कंपन्या त्यात एका ओळीत 9 सीट बसवत. आता अनेक जण 10 बसवतात. विमानाचं पोट तेवढंच राहिलं. दहावी सीट बाकीच्या नऊ जणांच्या मांड्यांतून आणि खांद्यांतून कापून काढलेली आहे. साधारण साडेअठरा इंचांची सीट 17 वर आली. म्हणजे ज्याला आज आपण 'बसत नाही' म्हणतो, तो काल कदाचित बसत होता. त्याचं वजन किलोभरही वाढलेलं नसेल.

अमेरिकेत 2018 साली कायदा करून तिथल्या विमान प्रशासनाला सांगितलं गेलं की सीटचं किमान माप ठरवा. प्रशासनाने 2019 च्या अखेरीपासून विमान रिकामं करण्याच्या चाचण्या घेतल्या. आपत्तीत सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत असा नियम आहे, म्हणून. त्या चाचण्यांत भाग घेणारे सगळे साठीच्या आतले, धडधाकट. आमच्यासारखा सत्तरीतला त्यात कुणी नाही, मूल नाही, काठीवाला नाही. अशा लोकांना बाहेर पळवून पाहिलं आणि निष्कर्ष काढला की सीटच्या अरुंदपणाने फारसा फरक पडत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलानं असा पेपर लिहिला असता तर आम्ही त्याला परत बसवला असता. (इथं 'बसवणे'चा तिसरा अर्थ निघतो, असो.)

आता एसटी. जुन्या लाल परीत एका बाजूला तीन जणांचं बाक, दुसऱ्या बाजूला दोघांचं. बाकाला मधे दांडे नाहीत. सिंदखेडराजाहून येताना खिडकीशी एक अंगाने भरलेली मावशी बसलेली असते, मधे तिची सून, आणि कडेला बसलेला तिसरा अर्धा बाकावर, अर्धा हवेत. तो म्हणतो, "मावशी, सरका जरासं." मावशी म्हणते, "कुठं सरकू बाप्पा, खिडकीबाहेर?" सगळे हसतात. हे फार गोड होतं असं आम्हाला सांगायचं नाही. जालन्यापासून मेहकरपर्यंत एका कुल्ल्यावर बसलेला माणूस हसतो ते नाइलाजानं. पण दोन गोष्टी तिथं घडतात. एक, मावशीला कुणी 'तू दोन तिकिटं काढ' म्हणत नाही. दुसरी महत्त्वाची. कंडक्टर येतो, पाहतो, आणि म्हणतो, "ओ दादा, तुम्ही पुढं दोघांच्या बाकावर या." म्हणजे ज्यानं जागा विकली तोच भांडण सोडवायला येतो.

आणखी एक पाहा. आमचं वय सत्तरीच्या पुढं. एसटीत आम्हाला अर्धं तिकीट. पंचाहत्तरी गाठली की 2022 पासून तेही नाही, प्रवास मोफत. 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. पण अर्ध्या तिकिटाच्या माणसाला कुणी अर्ध्या बाकावर बसवत नाही! कारण एसटी इंच विकत नाही. ती बीबीपासून मेहकरपर्यंत पोचवणं विकते. विमान कंपनीही आपल्याला जाहिरातीत गावच विकते, सीटचं माप सांगत नाही. भांडण झालं की मात्र म्हणते, तुम्ही एवढेच इंच घेतले होते.

ही इंचांची सीमा आखते ती हात टेकायची दांडी, आर्मरेस्ट. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीचा नियम प्रसिद्ध आहे. दोन्ही आर्मरेस्ट खाली आले नाहीत तर तुम्हाला दुसरी सीट लागेल. पूर्वी तिथं दुसऱ्या सीटचे पैसे बऱ्यापैकी सहज परत मिळत, म्हणून जाड लोक त्या कंपनीला दुवा देत. जानेवारी 2026 पासून दुसरी सीट आधीच विकत घ्यायची, आणि परतावा विमानात एखादी तरी जागा रिकामी राहिली तरच. म्हणजे तुमच्या शरीराची किंमत त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून. आर्मरेस्टची गंमत अशी की ती कंबर मोजते, खांदे मोजत नाही. रुंद खांद्यांचा पैलवान शेजाऱ्याच्या हद्दीत आरामात झोपतो, पण दांडी खाली आली म्हणून तो कायदेशीर. जैनांनी आत्मा देहाएवढा मानला, हत्तीत हत्तीएवढा, मुंगीत मुंगीएवढा. नैयायिकांनी तो सर्वव्यापी मानला, म्हणजे शेजारच्या सीटवरही तो असणारच. विमान कंपन्यांनी नवं दर्शन काढलंय, आत्मा आर्मरेस्टएवढा.

आमचाच एक अनुभव सांगतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आम्ही खिडकीशी, मधे चाळिशीतली एक बाई. तिनं पट्टा लावून पाहिला, पुरेना. पट्टा वाढवायला एक जोडपट्टा असतो, मागितला की देतात. तिनं तो इतक्या हळू आवाजात मागितला की आम्हालाही नीट ऐकू आलं नाही. मुलगी गेली, आणि पाच रांगा पलीकडून हात उंच करून तो पट्टा दाखवत आली, "मॅडम, तुम्हालाच हवाय ना?" सगळ्यांनी वळून पाहिलं. आणि आम्ही, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस, आम्ही काय केलं? खिडकीबाहेर पाहिलं. दोन तास ती बाई हात छातीशी आवळून बसली, आमच्या जागेवर येऊ नये म्हणून. आम्हाला पूर्ण सीट मिळाली. ती आम्हाला नको होती, हे तिला सांगायचं सुचलं नाही.

याच्या पार टोकाची गोष्ट महाराष्ट्राने 2017 साली पाहिली. इमान अहमद, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, छत्तीस वर्षांची. वजन सुमारे 500 किलो सांगितलं जायचं. अनेक वर्षं ती घराबाहेर पडलेली नव्हती. मुंबईच्या सैफी रुग्णालयात उपचारासाठी तिला आणायचं ठरलं. प्रवासी विमानात ते होणारच नव्हतं. 11 फेब्रुवारीला ती मालवाहू विमानातून मुंबईत उतरली, ट्रकने रुग्णालयात गेली, क्रेनने पलंगासकट उचलली गेली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबूधाबीला नेलं, आणि 25 सप्टेंबरला ती तिथंच वारली. डॉक्टरांनी, वैमानिकांनी केलेलं काम मोठंच, त्याबद्दल शंका नाही. आम्ही बोलतोय त्या बातम्यांबद्दल. रोजच्या बातमीत किलो. किती उतरले, किती राहिले, घरचे किती म्हणतात, रुग्णालय किती म्हणतं. ती काय बोलली, तिला मुंबई कशी वाटली, हे शोधावं लागत होतं. माणूस मालवाहू विमानातून आला तो नाइलाजानं. आपण तिला वाचताना मात्र मालच केलं, वजनकाट्यावरचा.

किलोचा विषय निघाला म्हणून एक युक्तिवाद घेऊ, तो हुशार लोकांना फार आवडतो. "सामानाला किलोप्रमाणे पैसे, मग माणसाला का नको?" 2013 मध्ये सामोआ एअर या छोट्या कंपनीनं हे खरंच केलं, प्रवाशाच्या वजनावर भाडं. वरवर समान न्याय वाटतो. पण भांडण रुंदीचं आहे आणि उत्तर वजनाचं देतात, हा पहिला घोटाळा. दुसरा, सामान घरी ठेवून येता येतं. देह ठेवून येता येत नाही, निदान परतीच्या तिकिटावर तरी नाही.

मग म्हणतात, "खाणं कमी करावं ना." इथं आपले शब्द पाहण्यासारखे आहेत. लहानपणी गुटगुटीत, लग्नानंतर "तब्येत सुधारली", म्हातारपणी "खात्यापित्या घरचे", आणि विमानात चढल्यावर गुन्हेगार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 24 टक्के बायका आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल निघाले. चारातला एक. आणि समजा, दोष ज्याचा त्याचाच आहे. दारू पिऊन गाडी ठोकून पाय मोडलेला माणूस विमानतळावर येतो तेव्हा त्याला चाकाची खुर्ची मिळते. पाय कसा मोडला, असं कुणी विचारत नाही. विचारूही नये.

ॲरिस्टॉटलचं एक उदाहरण वर्गात आम्ही वर्षानुवर्षं दिलं. दहा भाग अन्न फार, दोन भाग थोडं, म्हणून उस्ताद सगळ्यांना सहा भाग वाढत नाही. मायलो पैलवानाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. गणितातला मध्य आणि माणसाचा मध्य वेगळे. पंगतीत वाढणाऱ्या बाईला हे पाठ असतं. 17 इंच हा मात्र गणिताचाही मध्य नाही. तो हिशेबनीसाचा आकडा आहे.

मग खर्च कुणी उचलायचा? कॅनडात याचं उत्तर दिलं गेलंय. जानेवारी 2008 मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने ठरवलं, देशातल्या प्रवासात अपंगत्वामुळे किंवा अपंगत्व म्हणावं इतक्या स्थूलतेमुळे ज्याला दुसरी सीट लागते, त्याच्याकडून एकच भाडं घ्यायचं. कंपन्या म्हणाल्या, बुडू. प्राधिकरणाने हिशेब केला, तर एअर कॅनडाला तिकिटामागे सुमारे 77 सेंट आणि वेस्टजेटला 44 सेंट पडत होते. कंपन्या वर गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अपील ऐकायलाच नकार दिला. आम्हाला या निर्णयातली एक गोष्ट खटकते. सीट हवी असेल तर आधी 'मी अपंग आहे' म्हणून डॉक्टरचा कागद आणायचा. दाखल्यांचा आपल्याला जो अनुभव आहे, त्यावरून हे इथं कसं होईल हे सांगायला नको. आणि आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत स्थूलता नाहीच. पण 77 सेंटांचा आकडा आम्ही विसरू शकत नाही. एवढ्यासाठी ती बाई हात आवळून बसली होती.

शेजाऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. त्याची तक्रार खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. त्याला पाऊण सीट विकली गेली. पण विकली कुणी? चारातला एक प्रवासी जाड असणार हे माहीत असताना सगळ्यांना एकच माप लावलं कुणी? त्यानं तक्रार शेजारणीकडे पाहून करू नये, एवढंच. काउंटरवर करावी.

तिथं काय मागावं, तेही सांगतो. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत किती ग्रॅम आहे हे छापावं लागतं, वैधमापनाचा 2009 चा कायदा आहे. पाच हजारांच्या विमान तिकिटावर सीट किती इंचांची, हे छापलेलं आम्ही अजून पाहिलं नाही. ते छापा. दहावी सीट घुसवली की आकडा बदलेल, आणि तो लोकांना दिसेल. मग पोरगा आईचं तिकीट काढताना आधीच पाहील, हिला कुठलं विमान बसतं ते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं आम्हाला दिसलंय. मेहकरची गाडी आहे. तोवर दोन प्रश्न घेऊ, मागच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.