लक्ष्मीबाईंची मधली पाच वर्षं

आपल्या नगरच्या मंडळ्यांत ‘स्मृतिचित्रे’चा विषय निघाला की गोष्ट ठरलेल्या वाटेने जाते. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, संसार दुभंगला; १९०० साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या आणि सगळं गोड झालं. मधली पाच वर्षं आपण भरभर उलटतो. माझं म्हणणं असं, की पुस्तकाचा धार्मिक गाभा त्या पाच वर्षांतच आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही संशय विधानाला बांधतो : हे खरं की खोटं? लक्ष्मीबाईंचा संशय तसा नव्हता. कोणाच्या हातचं पाणी प्यावं, सोवळं सोडावं का, हा त्यांचा प्रश्न. तो स्वयंपाकघरातला होता, अंगात मुरलेला होता. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं लगेच सोडलं नाही. स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या. समीक्षक त्यांच्या विनोदाचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण तो विनोद काय साधतो, हे फारसं कोणी विचारत नाही. ख्रिस्ती झालेली ही बाई आपल्या आधीच्या रूपाला हसते, पण झिडकारत नाही. त्यामुळे शंकेची लाज वाटत नाही.

बरं, बाप्तिस्म्याने प्रश्न संपतात का? टिळकांचे संपले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्तावर त्यांचा भरवसा होता. शंका होती ती त्याला घातलेल्या परदेशी अंगरख्याबद्दल.

आपल्याकडे साक्ष देताना मात्र ‘आधी अंधार, मग प्रकाश’ एवढंच सांगतात. मधला संधिप्रकाश गाळतात. मग प्रश्न पडलेला तरुण मागच्या बाकावर गप्प बसतो आणि एक दिवस यायचा थांबतो. त्याला वाटतं, विश्वास नाही तो आपल्यातच.

मार्काच्या शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप आठवा. विश्वास आणि अविश्वास तो एका दमात कबूल करतो. येशू त्याला ‘आधी शंका मिटवून ये’ असं सांगत नाही; मुलाला बरं करतो.

टिळक १९१९ साली गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, पाच वर्षं थांबलेल्या बाईंनी.