कोंडाणे : एका ओळीचे वाचन

कर्जतहून कोंडिवड्याला जावे आणि राजमाचीच्या पायथ्याचे रान चढू लागावे. झाडीतून वर आले की कोंडाण्याचे चैत्यगृह समोर येते. आतल्या कित्येक खांबांचा खालचा भाग पाण्याने खाऊन टाकला आहे; माथे तेवढे छताला लोंबकळत राहिले आहेत. लोक वर पाहतात, कमानीचे फोटो घेतात. मी मात्र दर वेळी डावीकडच्या एका तुटक्या मूर्तीपाशी थांबतो. माणसाहून थोड्या मोठ्या त्या मूर्तीचे आता डोकेच उरले आहे. चेहरा गेला, पण शिरोभूषणाची बारीक वीण अजून दिसते. शेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक याने केले.

हा बलक शिल्पी होता, की खर्च करणारा भिक्षू? ‘अंतेवासी’ म्हणजे गुरूजवळ राहणारा. भिक्षूंच्या शिष्यांनाही हाच शब्द आहे. बेडशाला गोभूती या भिक्षूचा स्तूप आहे, तोही अंतेवासीनेच उभारला. पण तिथे गोभूतीला अरण्यवासी, भिक्षान्नावर जगणारा अशी विशेषणे आहेत, आणि क्रियापद ‘कारित’, म्हणजे करवले, असे आहे. कोंडाण्याला कण्हामागे एकही उपाधी नाही. ‘दान’ हा शब्द नाही. आणि क्रियापद साधे ‘कतं’. माझ्या मते ही कारागिराची सही आहे. ज्याला कधी गुरू लाभला नाही अशा माझ्यासारख्याला हा शब्द जरा जास्तच मोहवतो, हे कबूल करतो. म्हणूनच क्रियापदावर भर देतो.

पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावरही ‘कत’ आहे : कण्हदास नावाच्या सोनाराने केलेला. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हा कण्हदास म्हणजेच बलकाचा गुरू कण्ह, अशी जोडणी करायचा मोह अभ्यासकांना होतो. मला ती पटत नाही. कण्ह हे नाव त्या काळी राजापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे होते. पितळखोऱ्याने एवढेच दाखवले, की घडवणारा माणूस मूर्तीवर स्वतःचे नाव कोरत असे आणि ते कोणी खोडत नसे.

बलकाने मात्र स्वतःच्या आधी कण्हाचे नाव घातले. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो, तेव्हा त्या ओळीवरही तुषार येतात.